दुकान वाढवणे आहे

कुठल्याही धंद्याची तब्येत मी एका आकड्यात सांगू शकतो! फक्त एका. नाडी बघायला नको, जीभ बघायला नको, मालकाचा चेहरा तर अजिबात बघायला नको. तिमाही वाढीचा दर सांगा, धंदा जगणार की जाणार ते मी सांगतो. तुम्ही म्हणाल, दीपकराव फुशारकी मारतायत. मारतोच आहे! अठरा वर्षं मी परळला, जुनी गिरणी पाडून उभ्या केलेल्या काचेच्या टॉवरमध्ये, एकविसाव्या मजल्यावर बसून दर तीन महिन्यांनी हेच केलं. कंपनी नक्की काय बनवते ते मला शेवटपर्यंत नीट कळलं नाही, पण ती किती टक्क्यांनी वाढली हे माझ्याइतकं कोणालाच ठाऊक नसायचं. मी वर जाणारा हिरवा बाण काढायचो, साहेब टाळ्या वाजवायचे आणि पुढचे तीन महिने आम्ही सगळे निश्चिंत असायचो.

गेल्या डिसेंबरात त्याच साहेबांनी मला केबिनमध्ये बोलावलं आणि खूप प्रेमाने सांगितलं, "दीपक, तुझ्या डिपार्टमेंटची ग्रोथ निगेटिव्ह आहे."

डिपार्टमेंटमध्ये मी एकटाच होतो.

तर एक जानेवारीला मी वडिलांच्या दुकानात येऊन बसलो. लालबागच्या मसाल्याच्या गल्लीत आमचं कांडपाचं दुकान आहे. बायका मिरच्या, धणे, दगडफूल, तिरफळं घरून भाजून आणतात, नंबर लावतात आणि आमचा राजाराम ते सगळं यंत्राच्या लोखंडी मुसळांखाली कुटून देतो. आपला मसाला कुटून होईपर्यंत एकही बाई जागची हलत नाही. शेजारणीच्या मसाल्याची चिमूट आपल्यात पडली तर वर्षभराचं कालवण बिघडेल, असा त्यांचा पक्का समज आहे. राजाराम एकतीस वर्षं त्या यंत्रापाशी उभा आहे. माझी बायको मेघना गल्ल्यावर बसते. कोणाकडे बेडगी मिरची जास्त, कोणाकडे संकेश्वरी, कोणाच्या सासूला खसखस चालत नाही, हे तिला तोंडपाठ. दुकानाचे मालक अप्पा, म्हणजे माझे वडील, वय वर्षे एकोणऐंशी. त्यांनी पहिल्याच दिवशी मला समोर बसवलं.

"ह्या बघ झिला, औंदा गणपतीक मी गावाक जातलंय तो परत येवचंय नाय. त्येच्या आधी चावी कोणाक तरी देवची आसा. तुका जमला तर तुका. नाय जमला तर गाळो त्या केतनाक देऊन टाकतलंय. दोन वर्सां मागे लागलोहा."

केतन म्हणजे आमचा शेजारी. भिंतीला भिंत लागून त्याचं मोबाइलच्या कव्हरांचं दुकान आहे. त्याच्या बायकोला, रंजिताला, बबल टीचं दुकान काढायचंय आणि एका गाळ्यात ते मावत नाही.

खरं सांगतो, मला ती चावी हवी होती. शेहेचाळिसाव्या वर्षी मला दुसरीकडे कोणी उभं करत नव्हतं हे एक कारण. पण खरं कारण वेगळंच होतं. अठरा वर्षांत अप्पांनी एकदाही विचारलं नव्हतं की मी ऑफिसात काय करतो. विचारलं असतं तर मला सांगता आलं नसतं, हेही खरं. आता त्यांच्या डोळ्यांसमोर, त्यांच्याच दुकानात मी काय चीज आहे ते दाखवायचं होतं!

पहिले तीन महिने मी फक्त निरीक्षण केलं. जानेवारी ते मार्च, वीस पोती मिरची कुटली गेली. मी ती लिहून ठेवली. मग एप्रिल उजाडला आणि काय सांगू! रांग गल्लीच्या तोंडापर्यंत. राजारामला पाणी प्यायला फुरसत नाही, मेघना उभ्या उभ्या डबा खातेय, अख्खं दुकान शिंकतंय. तीस जूनला मी हिशेब केला. एप्रिल ते जून, ब्याऐंशी पोती. वीसवरून ब्याऐंशी!

तीनशे दहा टक्के!!

टॉवरमध्ये चार टक्क्यांना केक कापायचे हो! मी दुकानात आल्यापासून एकाच तिमाहीत तीनशे दहा! मी तडक जाऊन फ्लेक्स छापून आणला. डाव्या बाजूला हनुवटीला हात लावलेला माझा फोटो, उजव्या बाजूला हिरवा बाण आणि मधोमध ठळक अक्षरात, 'तिमाही वाढीचा दर ३१०%. अभिनंदन!'

सकाळी नऊला फ्लेक्स लागला. सव्वानऊला गुणवंतीमावशी आल्या. या वरळी कोळीवाड्यातल्या. एकटीच्या घरचा नाही, अकरा घरांचा मसाला त्यांच्या हातून आमच्याकडे येतो. त्या फ्लेक्ससमोर कमरेवर हात ठेवून उभ्या राहिल्या.

"अरं दीपक, ह्यो काय दर लावलास? तीनशे धा?"

"मावशी, तो कांडपाचा दर नाही. ग्रोथ रेट आहे!"

"मी पन रेटच म्हनते! येका रातीत तीनशे धा?"

"अहो, किलोमागे नाही. टक्के आहेत."

"टक्के पन लावलंस? वरून?"

"मावशी, हा वाढीचा दर आहे. वाढीचा!"

"तेच तं बोलते मी! वाढीव दर कशापायी?"

त्यांचा आवाज मासळीच्या लिलावात कमावलेला. दहा मिनिटांत आमची रांग उठून समोरच्या दुकानात गेली. मेघनाने स्टुलावर चढून फ्लेक्स उतरवला आणि मी काही बोलायच्या आत गुंडाळीही केली.

"अहो, लोकांना तुमचा दर नकोय," ती म्हणाली. "त्यांना मसाला हवाय."

मी मनातल्या मनात हसलो. दूरदृष्टीच्या माणसाच्या वाट्याला हे येतंच. पण एक धडा घेतला, की यापुढे 'दर' हा शब्द वापरायचा नाही.

जुलैच्या पहिल्या आठवड्यात अप्पांच्या डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं. डॉक्टरांनी बजावलं, महिनाभर तिखटाच्या धुरळ्यात पाऊल टाकायचं नाही. दर दोन तासांनी थेंब घालायचे होते, म्हणून मेघनाही घरीच. म्हणजे दुकानात मालक म्हणून मी एकटा! असा महिना पुन्हा मिळणार नव्हता. अप्पा परत येतील तेव्हा त्यांना मोठं दुकान दिसलं पाहिजे, असं मी ठरवलं. मधली भिंत पाडायची, केतनचा गाळा घ्यायचा, दुसरं यंत्र बसवायचं. तीनशे दहा टक्क्यांनी वाढणारा धंदा एका गाळ्यात मावेलच कसा?

बातमी आधी गिऱ्हाइकांना द्यायची, हे टॉवरमधलं शिक्षण. आमच्या गिऱ्हाइकांचा व्हॉट्सॲप ग्रुप आहे. मी आधी इंग्रजीमिश्रित लिहिलं, मग म्हटलं नको. मायमराठीतच सांगावं. अर्धा तास घासूनपुसून मजकूर तयार केला आणि पाठवला.

'आमच्या सर्व ग्राहकांस कळविण्यात येते की, या तिमाहीतील अभूतपूर्व आकडे लक्षात घेऊन येत्या एक ऑगस्टपासून आम्ही दुकान वाढवत आहोत. आपण इतकी वर्षे दिलेल्या प्रेमाबद्दल शतशः आभार. आपला, दीपक.'

आता तुमच्या लक्षात आलंच असेल. माझ्या नाही आलं! मी लालबाग-परळात जन्मलो, इथेच वाढलो. दुकान बंद करणं अशुभ म्हणून आपल्याकडे 'दुकान वाढवलं' म्हणतात. बांगडी फुटली तर ती वाढवली, दिवा मालवला तर तो वाढवला, नारळ तर आपण वाढवतोच. हे सगळं मला माहीत होतं. पण त्या दिवशी माझ्या डोळ्यांसमोर हिरवा बाण होता आणि त्यापलीकडचं काही दिसत नव्हतं.

पाच मिनिटांत ग्रुपवर हात जोडलेल्या चित्रांची रांग लागली. मला वाटलं, आशीर्वाद! काहींनी रडके चेहरे टाकले. आनंदाश्रू! एका काकांनी लिहिलं, 'धक्का बसला. अप्पांनी रक्ताचं पाणी करून उभं केलं होतं.' मी लगेच उत्तर दिलं, 'धक्का बसणारच काका! पण असे निर्णय धाडसानेच घ्यावे लागतात.' त्यावर काका ग्रुपमधून बाहेर पडले. मेघनाने न वाचता अंगठा टाकला. नवऱ्याचे मेसेज वाचायचे नाहीत, असा आमच्या घरचा रिवाजच आहे.

दुसऱ्या दिवशी सकाळी शटर उघडलं तर दारात चौदा बायका, चौदा पिशव्या! भर जुलैत! या गल्लीत जुलैत कोणी मसाला कुटत नाही. मिरची वाळायला ऊन लागतं. पण या बायकांनी मिरच्या तव्यावर शेकून आणल्या होत्या, कोणी पंख्याखाली पसरून, कोणी इस्त्री फिरवून. तिसऱ्या दिवशी चाळीस झाल्या. आठवडाभरात रांग पुन्हा गल्लीच्या तोंडाशी! जाहिरात अशी करावी लागते, असं मी स्वतःला सांगितलं आणि स्वतःचीच पाठ थोपटली.

गुणवंतीमावशी चार पोती घेऊन आल्या. अकरा घरांची.

"दीपक, येक बोलू?" त्या आवाज उतरवून म्हणाल्या. मावशींचा आवाज उतरलेला मी प्रथमच ऐकला. "सोड त्यो आकड्यांचा नाद."

"मावशी, आकडे कसे सोडू? आकड्यांवरच तर आज हा दिवस दिसतोय!"

"तेच तं!" त्यांनी कपाळाला हात लावला. "आमच्या वाड्यात लई घरं गेली आकड्यापायी. रोज खेळतोस?"

"खेळत नाही हो. अभ्यास करतो. रोज दोन तास."

"अप्पांना म्हायती हाय?"

"छे! त्यांना सरप्राईज आहे. एक ऑगस्टला दुकानात आणून एकदम दाखवणार."

मावशींनी पदर तोंडाला लावला आणि मला एक सुरमईची तुकडी देऊन निघून गेल्या. म्हाताऱ्या बापाचं दुकान मटक्यावर उडवणाऱ्या पोरालाही उपाशी कसं ठेवायचं, असं त्यांना वाटलं असणार. मला वाटलं, यशाचं कौतुक. आम्ही ती सुरमई फार आवडीने खाल्ली.

एका दुपारी राजाराम यंत्र थांबवून माझ्यासमोर आला.

"दीपकभाऊ, एकतीस वर्सां झाली. माका तरी आधी सांगूचा होता."

मला वाईट वाटलं. त्याचंही खरंच होतं. मी त्याच्या खांद्यावर हात ठेवला.

"राजाराम, चुकलंच माझं. पण तुझा विचार मी आधी केलाय. एक तारखेपासून तू या यंत्रापाशी उभं राहायचं नाही. खूप उभा राहिलास. आता आराम कर!"

दुसऱ्या गाळ्यात त्याला सुपरवायझर करून खुर्ची द्यायची, असं माझ्या मनात होतं. त्याने डोळे पुसले. मला वाटलं, तिखट गेलं. तो परत यंत्रापाशी गेला आणि संध्याकाळपर्यंत त्याने मान वर केली नाही.

घरी अप्पांना मी रोज बातमी द्यायचो. जुलैचा आकडा मांडायला बसलो तेव्हा थोडी अडचण आली होती. एप्रिल-जूनच्या जोरदार तिमाहीशी ताडून बघितलं तर बाण खाली वळू लागला. पण घाबरायचं नसतं! आकडा रुसला की तुलना बदलायची, हे मी अठरा वर्षं केलं होतं. गेल्या वर्षीच्या जुलैशी ताडलं. गेल्या जुलैत दोन पोती, या जुलैत शेहेचाळीस.

"अप्पा, बावीसशे टक्के!"

अप्पा काळा चष्मा लावून छताकडे बघत पडले होते. "पोती किती?"

"बावीसशे टक्के, अप्पा!"

"मेल्या, पोती इचारतंय मी."

"शेहेचाळीस."

"आषाढात?" अप्पा उठून बसले. "मिरची सर्दावलेली आसतली रे! कोण कुटता आषाढात?"

"सगळे!" मी म्हणालो. अप्पा पुन्हा आडवे झाले, पण त्यांना झोप लागली नाही असं मेघना नंतर म्हणाली.

राहता राहिला केतन. तोच एका सकाळी पेढे घेऊन आला!

"दीपकभाई, मेसेज वाचला. वाढवताय?"

"वाढवतोय!"

"चांगला निर्णय. पण मग जागेचं काय?"

"तेच तुमच्याशी बोलायचं होतं, केतनभाई. मधली भिंत पाडली की प्रश्न मिटला."

"एकदम माझ्या मनातलं बोललात!" त्याने माझा हात हातात घेतला. "मला वाटलं होतं, तुम्ही लोक भिंतीला हात लावू देणार नाही."

"मला वाटलं होतं, तुम्ही लावू देणार नाही!"

"अरे, मी तर दोन वर्षं वाट बघतोय."

"मग तुमचा माल?" मी विचारलं.

"माझा माल कुठेही मावेल. तुमच्या यंत्राचं बघा."

"यंत्राची काळजी नको. एक तारखेला माझा मिस्त्री येतो."

"माझाही येतो!"

"तुमचा कशाला?"

"अहो, काम दोघांनी मिळून केलं तर लवकर होईल ना!"

किती दिलदार माणूस! आपला गाळा सोडतोय आणि वर मिस्त्रीही स्वतःचा आणतोय! मी त्याच्या तोंडात पेढा घातला, त्याने माझ्या. लेखी व्यवहार अप्पांच्या हातून करायचा असं ठरलं. तीनशे दहा टक्क्यांसमोर भलेभले शरण येतात, असं मी रात्री मेघनाला सांगितलं. ती थेंबांची बाटली शोधत होती.

एक ऑगस्ट. दुकानाला झेंडूचं तोरण, पाटावर नारळ. मेघना अप्पांना हाताला धरून घेऊन आली. अप्पांच्या डोळ्यांवर काळा चष्मा, नाकाला रुमाल. दुकानासमोर सत्तर-ऐंशी माणसं जमली होती. मी सगळ्यांना हात केला. कोणीच केला नाही. गुणवंतीमावशी पुढे आल्या आणि त्यांनी अप्पांच्या खांद्यावर शाल घातली. मग आणखी एकाने घातली. मग आणखी एकीने.

"एका डोळ्याच्या ऑपरेशनाक इतक्यो शाली?" अप्पा संकोचून म्हणाले.

"अप्पा," मावशींचा आवाज फुटला, "तुमी दुकान वाढवलंत, आता आमी मसाला घेऊन जायचं कुठं?"

"दुकान वाढवलां?" अप्पांनी चष्मा वर केला. "कोणी?"

सगळ्या माना माझ्याकडे वळल्या. हाच तो क्षण! मी छाती पुढे काढली.

"मी, अप्पा! मी वाढवलं!"

आणि नेमक्या त्याच वेळी मधल्या भिंतीवर घाव पडला. माझ्या मिस्त्रीला मी सांगून ठेवलं होतं की भाषण सुरू झालं की केतनच्या बाजूने कामाला लाग. केतननेही आपल्या मिस्त्रीला तेच सांगून ठेवलं होतं, फक्त आमच्या बाजूने. दोघे एकाच भिंतीवर दोन्हीकडून घाव घालत होते! सहाव्या घावाला विटा सुटल्या, मधोमध भगदाड पडलं आणि दोन मिस्त्री हातोडे उगारून एकमेकांच्या तोंडाकडे बघत राहिले.

"तू इथे काय करतोयस?" माझा म्हणाला.

"दुकान वाढवतोय. तू?"

"मीपण दुकान वाढवतोय!"

तेवढ्यात भिंतीवरची फळी कलंडली. फळीवर गुणवंतीमावशींचा अकरा घरांचा कुटलेला मसाला होता. आधी एक तांबडा ढग उठला. मग अप्पा शिंकले, मग राजाराम, मग मेघना, मग केतन, मग रंजिता आणि मग सगळी गल्ली! पुढची दहा मिनिटं कोणालाही कोणाशी भांडता आलं नाही. नाहीतर मी आज हे लिहायला राहिलो नसतो.

पहिल्यांदा आवाज परत आला तो केतनचा. "दीपकभाई, तुम्ही... आंक्छी... वाढवताय म्हणालात ना? मग हा मिस्त्री माझ्या दुकानात कशाला?"

"वाढवायला! तुमचा गाळा घेऊन!"

"माझा? अहो, तुमचा मी घेतोय ना! तुम्ही बंद करताय म्हणून!"

"बंद? कोण बंद करतंय?"

"तूच तं लिवलंस!" मावशींनी फोन माझ्या नाकाला लावला. मी तो मेसेज वाचला. एकदा वाचला. मग लालबागचा माणूस होऊन पुन्हा एकदा वाचला.

हात जोडलेली चित्रं, रडके चेहरे, सुरमईची तुकडी, सगळं एका दमात समजलं. कोपऱ्यात राजाराम उभा होता. त्याच्या हातात कपड्यांची पिशवी होती. भायखळ्याला दुसऱ्या एका कांडपवाल्याकडे तो त्या दिवशी दुपारी रुजू होणार होता. त्याच्याकडे बघायची मला लाज वाटली.

"अप्पा, तसं नव्हतं," मी कसाबसा म्हणालो. "मी दुकान मोठं करत होतो. धंदा तीनशे दहा टक्क्यांनी वाढलाय."

अप्पा पाटावर, नारळाच्या शेजारी बसले. "कोणावांगडा ताडलंस?"

"जानेवारी ते मार्चशी."

"आनि जुलै?"

"गेल्या जुलैशी."

"म्हंजे मे महिनो थंडीवांगडा ताडलंस नि जुलै जुलैवांगडा?" अप्पांनी डोळे पुसले. "अरे, मे महिन्यात मसालो नाय करूचो तर काय दिवाळीत करूचो? उनाळ्यात दर वर्सा ऐंशीच्या वर जातत. उनाळो गेल्या उनाळ्यावांगडा लाव बघूया. गेल्या वर्सा पंच्याऐंशी झाली होती. औंदा किती म्हनालंस?"

"ब्याऐंशी."

"म्हंजे?"

गणित माझ्या डोक्यात झालं होतं. बाण खाली होता. माझ्या कारकिर्दीत दुकान तीन पोत्यांनी आटलं होतं आणि त्याच्या अभिनंदनाचा मी फ्लेक्स छापला होता!

"आनि ही जुलैची शेहेचाळीस?" अप्पा म्हणाले. "ती फुडल्या मे महिन्याची आसत. ती तू आताच खाल्लंस."

"आमचं दोन वर्सांचं झालं," गुणवंतीमावशींनी मान डोलावली. मग जमिनीवरच्या तांबड्या थराकडे बघून म्हणाल्या, "म्हंजे झालं व्हतं."

गर्दीत कुजबूज सुरू झाली. सर्दावलेल्या मिरचीचा मसाला टिकणार नाही, घरोघरी बुरशी येणार, मग पैसे परत मागायचे की मसाला, अशी चर्चा वाढत चालली. दुकान बंद होण्याची अफवा खोटी होती, पण आता ती खरी व्हायला फारसं काही लागणार नव्हतं. अप्पांना ते कळत होतं. चावी त्यांच्या मुठीत होती आणि केतन तिच्याकडे बघत होता.

तेव्हा मेघना उठली. पदराने नाक पुसलं आणि गल्ल्यावर जाऊन बसली.

"मावशी, तुमचे सांडलेले अकरा घरांचे मसाले मी करून देते, मिरची आमची. पण सगळा एकदम नको, तीन महिन्यांपुरता न्या. आणि तुमच्या धाकटीचं लग्न जानेवारीत आहे ना? तिच्या सासरचा मसाला वेगळा लागेल, ते आगरी आहेत. त्याचं माप मला आणून द्या. सावंतकाकी, तुमचा परत आणा, पुन्हा भाजून देऊ. राजाराम मंद आचेवर भाजतील, त्यांचा हात बसलाय. कदमवहिनी, तुम्ही मीठ घातलं होतं, तुमचा टिकेल, काळजी नको."

एकेकीचं नाव, एकेकीचं माप. टक्का एकही नाही. कुजबूज थांबली आणि नंबर लागला. राजारामने पिशवी खुंटीला अडकवली.

अप्पा ऐकत होते. एक डोळा बरा, दुसरा अजून धूसर, पण कान शाबूत. ते उठले. "दुकान वाढवूचा नाय!" त्यांनी जाहीर केलं.

"म्हणजे नक्की काय, अप्पा?" केतनने विचारलं. बिचाऱ्याने आता धसकाच घेतला होता.

"बंदय नाय, मोठाय नाय. आसा तसाच रवतला. भिंत दोघांनी मिळान बांधा."

मग त्यांनी मूठ उघडली. मी एक पाऊल पुढे झालो, सवयीने. अप्पा माझ्या शेजारून पुढे गेले आणि त्यांनी चावी गल्ल्यावर, मेघनाच्या पुढ्यात ठेवली. मला लागलं. खूप लागलं, खोटं कशाला सांगू? पण खरं विचाराल तर त्या दिवशी माझ्या हातात चावी मीसुद्धा दिली नसती.

अप्पा गणपतीला गावी गेले ते राहिले. मी आता मेघनाच्या हाताखाली आहे. तिने मला मशीनपासून, फोनपासून आणि पाटीपासून लांब, मागच्या बाजूला बसवलंय. काम एकच, मिरच्यांची देठं काढणं. नवरात्रात गुणवंतीमावशींच्या धाकटीच्या लग्नाची मिरची आली. मी आठवडाभर मान खाली घालून बसलो होतो. शनिवारी मेघनाने गल्ल्यावरून विचारलं,

"अहो, किती झालं?"

"गेल्या आठवड्यापेक्षा दोनशे टक्के जास्त!" मी अभिमानाने म्हणालो.

"किलोत सांगा."

मी परातीत बघितलं. पुन्हा एकदा बघितलं.

"दीड."

बाकावर गुणवंतीमावशी तासाभरापूर्वी येऊन टेकल्या होत्या. लग्नाच्या याद्या सांगता सांगता, माझ्याकडे न बघता, त्यांनी दोन किलो मिरच्यांची देठं काढून संपवली होती.